सेराफिनाबाईंचं एकच क्रियापद

सेराफिनाबाईंनी मला शाळेत इंग्रजी शिकवलं आणि शिकवत असताना माझ्या निबंधांतलं एकच क्रियापद सतत लाल पेन्सिलीने कापलं. ते म्हणजे ‘गेट’. मी ‘आय गॉट अ लेटर’ लिहिलं की ‘गॉट’वर रेघ मारून वर ‘रिसीव्ह्ड’ लिहायच्या. ‘इट गॉट डार्क’ लिहिलं की तिथे ‘बिकेम’ यायचं. रेघ अशी ओढायच्या की मागच्या पानावर उमटावी.

आणि ह्याच बाई रविवारी देवळातली, म्हणजे आमच्या चर्चमधली, मिस्सा सुटली की नंदाखाल गावातल्या आपल्या घराच्या ओट्यावर गावातल्या बायकामुलींना इंग्रजी शिकवायला बसायच्या. तिथे फक्त ‘गेट’ शिकवायच्या. दुसरं क्रियापद नाही.

मी एकदा धीर करून विचारलं, “बाई, शाळेत तुम्हीच कापता आणि इथे तुम्हीच शिकवता?”

“शाळेत तुला मार्क हवेत,” बाई म्हणाल्या. “मार्क देणाऱ्याला हे आवडत नाही. इथे ज्या येतात त्यांना मार्क नकोत. त्यांना बस हवी, दवाखाना हवा, पगार हवा. कळलं? आता कळ्या निवड.”

कळ्या निवडणं हा शिकवणीचा भाग होता. फी नव्हती. बाईंच्या वाट्याच्या जमिनीत मोगरा होता आणि रविवारी पहाटे खुडलेल्या कळ्या दुपारी फुलवाल्या बायकांबरोबर दादरला जायच्या. त्याआधी त्या निवडायच्या, ओवायच्या. मोगऱ्याचा हंगाम नसला की वालाच्या शेंगा सोलायच्या. रिकाम्या हाताने बसलेली बाई तोंड उघडत नाही, असं बाईंचं मत होतं. हात कामात असले की माणूस लाजायचं विसरतं. पुढे नोकरीत मी बऱ्याच नव्या मुलींना काम शिकवलं, तेव्हा हे किती खरं आहे ते पटलं.

सत्तरच्या दशकाचा शेवट असेल. आमच्याकडची पुरुषमंडळी आखाती देशांत जायला लागली होती, पाठोपाठ नर्स झालेल्या मुलीही निघाल्या होत्या. प्रत्येक घरात कुणाला तरी इंग्रजी हवं होतं आणि तेही लवकर. व्याकरणाची पुस्तकं घेऊन बसायला सवड कुणाला होती?

बाई अविवाहित. उंच, हडकुळ्या. बारीक काठाचं पांढरं पातळ, मनगटावर वडिलांचं पुरुषी घड्याळ, उन्हापावसात काळी छत्री. शाळेत त्या सेराफिनाबाई, गावात सेराबाय. घर वडिलांचं, दोन भागांत वाटलेलं. अर्ध्यात बाई, अंगणापलीकडच्या अर्ध्यात थोरला भाऊ पास्कूदादा, त्याची बायको मारूबाय, मुलगा बेंजू आणि सून एलिझा. अंगण एक, बावखल एक. बावखल म्हणजे आमच्याकडे बागेत असतं ते पाण्याचं तळं. त्यावरचा पंप मात्र पास्कूदादाचा. आमचं घर त्यांच्या मागे, मध्ये आमची केळी. घरी सगळे आमची बोली बोलत. इथे मी ती सरळ मराठीत लिहिते आहे, नाहीतर गावाबाहेरच्यांना काही कळायचं नाही.

‘गेट’चा अर्थ मात्र बाई मराठीत सांगायच्या नाहीत. “एक अर्थ नाही त्याला,” म्हणायच्या. “शेजारी कोण येऊन बसतंय त्याप्रमाणे ते वागतं. ‘अप’ आला की झोपेतून उठतं. ‘ऑन’ आला की बसमध्ये चढतं, ‘ऑफ’ आला की उतरतं. ‘वेल’ आला की आजारातून बरं होतं. आमच्या दादासारखं नाही. तो कुणाशेजारीही बसला तरी तसाच.”

बायका हसायच्या. पास्कूदादाचा आवाज केळीच्या बागेतून आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येई. तो कसा होता हे कुणाला सांगायची गरज नव्हती.

बाईंना ह्या क्रियापदाचं वेड कशामुळे लागलं, तेही त्यांनीच सांगितलं. बी. ए. होऊन नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या, तेव्हा कसल्याशा शिबिरासाठी मुंबईच्या एका मठात राहायला गेल्या. तिथल्या आयरिश सिस्टरने सकाळी दारातच विचारलं, “डिड यू गेट एनिथिंग टू ईट?” बाईंना वाटलं, खायला काही आणलंत का, असं विचारते आहे. त्या खजील होऊन म्हणाल्या, “नो सिस्टर, सॉरी.” सिस्टर म्हणाली, “देन गो अँड गेट सम.” बाई मुकाट्याने बाहेर पडल्या, अनोळखी रस्त्यावर खाऊचं दुकान शोधत फिरल्या आणि बिस्किटांचा पुडा आणून सिस्टरच्या हातात ठेवला. सिस्टरने आभार मानून तो कपाटात ठेवला. जेवणघर आतल्या बाजूला होतं, नाश्ता मांडलेला होता, हे बाईंना संध्याकाळी कळलं.

“कादंबऱ्या वाचलेल्या, कविता पाठ केलेल्या,” बाई म्हणायच्या, “आणि दिवसभर उपाशी. सगळं इंग्रजी माझ्याकडे होतं, तेवढं एक नव्हतं.”

ओट्यावर नियम एकच होता. प्रत्येकीने आपल्या पाळीला ‘गेट’ घालून एक वाक्य बोलायचं आणि ते खरं असलं पाहिजे. पहिल्या रविवारी मी मोठ्या ऐटीत म्हटलं, “आय गेट अ प्राइझ.”

“कधी मिळालं?”

“मिळालं नाही, बाई. वाक्य आहे.”

“मग बोलू नकोस. खोटं वाक्य बोलायला शाळा आहे. इथे वाक्य खरं आण, इंग्रजी मी बघते.”

हे वाटतं तेवढं सोपं नाही. बसून बघा. आज मला काय मिळालं, मी कुठे पोचले, मला काय झालं, हे रोज कुणी स्वतःला विचारत नाही. सुरुवातीला सगळ्या जणी ‘आय गेट अप ॲट फाइव्ह’वर भागवायच्या. बाई म्हणायच्या, “करेक्ट. नेक्स्ट.” मग हळूहळू गाडी पुढे सरकायची.

सगळ्यात तयार होती गुलाब. ती अर्नाळ्याची, कोळीण. रविवारी मिस्सा सुटायच्या वेळी पाटी घेऊन आमच्या गावात यायची, मासे विकून झाले की रिकामी पाटी ओट्याखाली ठेवून वर बसायची. पहिल्या दिवशी म्हणाली, “बाय, मना पन शिकव. त्या कळंबच्या किनाऱ्यावर मुंबईचे लोक येतात, भाव विचारतात, मना काय कलत नाय.”

गुलाबला लाज ठाऊक नव्हती. तिची वाक्यं घडाघडा यायची. “आय गेट फिश. आय गेट वेट. आय गेट हंग्री.” एकदा म्हणाली, “माय हजबंड गेट ड्रंक ऑन संडे.”

“गेट्स,” बाई म्हणाल्या. “आज रविवारच आहे.”

“मंग? तो बसलाय तिथं, मी बसलेय इथं. ही गेट्स ड्रंक, आय गेट इंग्लिश.”

बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. त्यांना इतकं हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

समोरच्या ओट्यावर मारूबाय तांदूळ निवडत बसलेली असायची. लाल लुगडं, पांढरे केस, नजर सतत इकडे. तिला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण सून इकडे येऊन बसते म्हणून तिचं लक्ष असायचं. एलिझाला पाठवलं होतं पास्कूदादानेच. बेंजू गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात फिटर होता, त्याला मस्कतला जायचं होतं, पुढे बायकोला नेलं तर चार शब्द यावेत, हा हिशेब. शिवाय नणंदेच्याच घरात शिकवणी, तेव्हा मारूबायचीही काही हरकत नव्हती.

एलिझा भुईगावची. मॅट्रिक झालेली, नर्सिंगला जायची तयारी होती, तेवढ्यात बेंजूचं स्थळ आलं. मुलगा देवळात गातो, नोकरी आहे, दारू पीत नाही. आणखी काय बघायचं? ती बोलायची कमी, ओवायची झरझर. तिची वाक्यं नेहमी घरकामाची. “आय गेट वॉटर फ्रॉम द वेल.” “आय गेट टायर्ड.” बाई म्हणायच्या, “करेक्ट. नेक्स्ट.”

एका रविवारी, ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या, एलिझाची पाळी आली. तिने कळी ओवली, दोरा ओढला आणि मान वर न करता म्हणाली, “आय गेट बीटन.”

मी सुई हातात घेऊन बसले. गुलाब माझ्या कानाशी लागली, “काय बोल्ली ती?” मी सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही, गुलाबने एलिझाच्या चेहऱ्याकडे पाहिलं होतं.

बाई म्हणाल्या, “करेक्ट.”

‘नेक्स्ट’ म्हणाल्या नाहीत. त्यांनी टोपलीतल्या कळ्या हाताने सारख्या केल्या आणि वर्गात विचारतात त्याच आवाजात विचारलं, “व्हेन?”

“व्हेन ही गेट्स अँग्री.”

“व्हेन डझ ही गेट अँग्री?”

“एव्हरी वीक. समटाइम्स एव्हरी डे.”

समोरून मारूबाय कौतुकाने म्हणाली, “सेरा, आज आमची सून फार बोलते गं!”

“हो वहिनी,” बाई म्हणाल्या. “आज तिने आपलं वाक्य केलं.”

मग त्या ओट्यावर जे बोलणं झालं ते मला शब्दशः आठवतं, कारण त्यातला एकही शब्द अवघड नव्हता. अंगणापलीकडे सासू तांदळातले खडे टिपते आहे, इकडे आम्ही कळ्या ओवतो आहोत, आणि बाई एलिझाला तिच्या आयुष्याबद्दल विचारताहेत.

“डू यू वॉन्ट टू गेट आउट?”

एलिझाने दोन कळ्या ओवल्या. “येस.”

“विल युअर मदर गेट अँग्री?”

“शी विल गेट सॅड. नॉट अँग्री.”

“कॅन यू गेट अ जॉब?”

“आय कॅन गेट ट्रेनिंग. नर्स.”

थोड्या वेळाने एलिझाच म्हणाली, “आत्या, यू विल गेट ट्रबल.”

“गेट इन्टू ट्रबल,” बाईंनी दुरुस्त केलं. “से इट अगेन.”

“यू विल गेट इन्टू ट्रबल.”

“करेक्ट. येस, आय विल.”

मला वाटलं, आता काहीतरी गुप्त बेत ठरणार. तसं काही झालं नाही. इंग्रजी फक्त एलिझाला विचारण्यापुरतं होतं. तिला घरातल्या कुणाच्या धाकाशिवाय हो किंवा नाही म्हणता यावं, एवढ्यापुरतं. पुढचं सगळं बाईंनी मराठीत केलं आणि भर दुपारी केलं.

त्या उठल्या, हात धुतले, छत्री घेतली आणि अंगण ओलांडून मारूबायसमोर उभ्या राहिल्या.

“वहिनी, एलिझाला तिच्या आईकडे नेते आहे.”

“आज? कशाला? सण का काय आहे भुईगावला?”

“बेंजू मारतो तिला. तुला माहीत आहे.”

मारूबायच्या हातातलं सूप तसंच राहिलं. तिने बाईंकडे पाहिलं, मग सुनेकडे. अडवलं नाही. पुरुष घरात नव्हते, देवळाच्या आवारात पत्ते चालले होते. एलिझाने एक पिशवी भरली आणि दोघी निघाल्या. आडवाटेने नाही. रस्त्यावरच्या क्रुसावरून, दुकानावरून, पत्ते खेळणाऱ्यांच्या समोरून. आत्याबरोबर निघालेल्या सुनेला कुणी हटकलं नाही. बाईंनी छत्री एलिझाच्या डोक्यावर धरली होती. गुलाब रिकामी पाटी घेऊन त्यांच्यामागे काही अंतरावर चालत गेली. तिचा रस्ता उलट्या दिशेला होता, तरी गेली.

संध्याकाळी पास्कूदादाचा आवाज आमच्याकडे स्पष्ट ऐकू आला.

“माझ्या घरात भांडण लावलंस!”

“लावलं नाही, दादा. ऐकलं.”

“नवरा-बायकोत कुणाच्या घरात होत नाही? तुला काय ठाऊक त्यातलं? तू कुणाचं घर केलंस?”

“म्हणून तर मला वेळ होता न्यायला.”

दुसऱ्या दिवसापासून बाईंच्या मोगऱ्याचं पाणी बंद झालं. पंप पास्कूदादाचा, त्याने त्यांच्या पाटाचं तोंड दगडमातीने बुजवून टाकलं. उन्हाळा तोंडावर होता. बाई शाळेतून आल्यावर बावखलातून कळशीने पाणी घालायच्या. पण कळशीने मोगऱ्याची बाग जगत नाही. मे महिन्यापर्यंत वाफेच्या वाफे वाळून काटक्या झाल्या.

समेट करायला फादर आले. तेही बाईंशी इंग्रजीतच बोलले, बहुधा शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. पण शेजारी मी होते. “आय विल टॉक टू बेंजामिन,” ते म्हणाले.

“नो, फादर,” बाई म्हणाल्या. “गेट हिम टू स्टॉप. बोलणं वेगळं आणि थांबवणं वेगळं. थांबवू शकत असाल तर मी स्वतः जाऊन तिला घेऊन येते. तिची इच्छा असेल तर.”

फादर भले गृहस्थ होते. त्यांनी खोटं आश्वासन दिलं नाही. चहा पिऊन गेले. एलिझा त्या जूनमध्ये मुंबईच्या एका हॉस्पिटलात नर्सिंगला लागली. बेंजू मस्कतला गेला. त्याच्याबद्दल ह्याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

शिकवणीचं काय झालं, असं कुणी विचारेल. निम्म्या आयांनी मुली पाठवायचं बंद केलं. सेराबायकडे मुली गेल्या की घर सोडून जातात, असं बोललं जायचं. माझी आई तोंडाने फटकळ, पण हिशेबाला पक्की. ती म्हणाली, “तू जा. आणि जाताना आपल्या झाडाच्या कळ्या घेऊन जा, तिच्याकडे आता काय आहे निवडायला?” तशाच आणखी दोघी-तिघी आणायला लागल्या. गुलाबकडे मोगरा नव्हता. ती सुक्या बोंबलांची पाटी घेऊन आली. “बाय, हे निवडू. हात कामात पायजेत ना?” त्या रविवारी आम्ही बोंबील निवडत ‘गेट रिड ऑफ’ शिकलो.

बाईंनी कुणाला दोष दिला नाही, स्वतःचं कौतुकही करून घेतलं नाही. कुणी त्या प्रकरणाबद्दल बोलायला लागलं की म्हणायच्या, “ते झालं. तुझं वाक्य सांग.” शाळेत लाल पेन्सील पूर्वीसारखीच चालू होती. माझ्या शेवटच्या निबंधातले ‘गेट’ही त्यांनी सगळे कापले आणि पहिला नंबर दिला.

मी पदवी घेतली, बँकेत लागले. ऐंशीचं दशक निम्मं सरत आलं होतं, आमच्याकडे बागांच्या कडेने इमारती उठायला लागल्या होत्या. पास्कूदादा एका पावसाळ्याच्या शेवटी अर्धांगाने गेला. मातीला सगळा गाव होता, बाईही होत्या. त्यानंतर महिनाभरात मी सुट्टीत घरी आले, तर बाईंच्या पाटात पाणी वाहत होतं. दगड काढलेले होते. पंपाची किल्ली आता मारूबायच्या कमरेला असायची, तेव्हा कुणी काढले हे विचारायला नको होतं. दोन्ही घरांचं बोलणं मात्र बंदच होतं.

माझी बदली नाशिकला झाली तेव्हा मी बाईंना सांगायला गेले. त्या निवृत्त झाल्या होत्या. आठवड्यातला मधलाच कुठला तरी दिवस, सकाळची वेळ. मी केळीतून जाऊन अंगणाच्या कडेला पोचले आणि थांबले.

बाईंच्या ओट्यावर मारूबाय बसली होती. मी तिला त्या ओट्यावर कधी पाहिलं नव्हतं. मध्ये नव्या मोगऱ्याच्या कळ्यांची टोपली. दोघींचे हात चालू होते, तोंडं बंद. बाईंची पाठ माझ्याकडे होती. मारूबायने मला पाहिलं असावं, पण तिने फिकीर केली नाही.

“सेरा,” ती म्हणाली, “तुझा भाऊ पण मला मारायचा.”

“हो.”

“तुला ऐकू यायचं?”

“यायचं.”

“माझं लग्न झालं तेव्हापासून?”

“तेव्हापासून.”

मारूबाय टोपलीतली एक कळी उचलून बोटांत फिरवत राहिली. आवाज चढवला नाही. “सुनेसाठी उठलीस. छत्री घेऊन गावातून नेलंस. मग माझ्यासाठी का नाही उठलीस गं?”

मी बाईंची विद्यार्थिनी. त्यांना कुठल्याही प्रश्नाला उत्तर द्यायला वेळ लागलेला मी पाहिला नव्हता. त्या दिवशी लागला. त्यांनी दोरा खाली ठेवला, चष्मा काढला. मला वाटलं, त्या सांगतील, मी लहान होते, वडिलांच्या जागी होता तो, काळ वेगळा होता. ते सगळं खरंही असतं.

“मी भ्यायचे त्याला,” बाई म्हणाल्या.

मारूबायने मान हलवली. मग ती थोडी पुढे सरकली, बाईंच्या मांडीवरची अर्धवट ओवलेली माळ तिने स्वतःकडे ओढून घेतली आणि दुसऱ्या टोकाने ओवायला लागली. बाईंनी चष्मा परत लावला आणि तिच्या हाताला लागतील अशा कळ्या एकेक करून पुढे सरकवायला लागल्या.

मी निरोप न घेताच केळीतून मागे फिरले.